पाच हजारांत टेस्ट बेंच: नागपुरातल्या नवशिक्यानं काय, कुठून आणि कोणत्या क्रमानं घ्यावं

इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागला की पहिला हट्ट ऑसिलोस्कोपचा, म्हणजे बदलतं व्होल्टेज पडद्यावर रेघेत काढून दाखवणाऱ्या यंत्राचा असतो. कुणाच्या तरी व्हिडिओत पिवळी रेघ नाचताना दिसते आणि वाटतं, हे यंत्र घरी आल्याशिवाय आपलं काही खरं नाही. मग किंमत कळते आणि नाद थंड पडतो. खरं सांगायचं तर सुरुवातीचे बरेच महिने स्कोपवाचून फारसं अडत नाही. मल्टिमीटर (पुढे नुसता मीटर), करंट लिमिट म्हणजे ठरवल्यापेक्षा जास्त करंट जाऊ न देणारी सोय असलेला पॉवर सप्लाय, सुटे पार्ट ओळखणारा कम्पोनंट टेस्टर आणि डिजिटल सिग्नल टिपणारा लॉजिक ॲनलायझर ही चौकडी आधी जमवा. ती पाच हजारांच्या आत बसते. स्कोप त्यानंतर.

स्वस्त उपकरणांना नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतील. दोनशे रुपयांचा मीटरही चांगलं काम देतो, फक्त तो कुठे थाप मारतो ते आपल्याला ठाऊक पाहिजे. महागड्या उपकरणाचे जास्तीचे पैसे आपण मोजतो ते बहुतांशी ही थाप मारायची जागा आणखी लांब ढकलण्यासाठी. म्हणून खाली प्रत्येक वस्तूबरोबर तिची थाप कुठे असते तेही सांगितलं आहे. किमती अंदाजे धरा. यातला बराच माल चीनहून येतो, डॉलर हलला की भाव हलतो.

पायरी १: करायचं काय आहे ते ठरवा

पुढच्या सहा महिन्यांत तुमच्या टेबलावर काय येणार आहे, हे कागदावर लिहा. साधारण तीन जातीची कामं असतात.

आर्डुइनो आणि ईएसपी३२ हे प्रोग्राम करता येणारे छोटे बोर्ड, सेन्सर, छोटे रोबोट हे सगळं ५ किंवा ३.३ व्होल्टचं जग. इथे जिवाला धोका नाही, त्यामुळे साधा मीटर आणि लॉजिक ॲनलायझर यांवर लांबचा पल्ला गाठता येतो. दुसरी जात ऑडिओ ॲम्प्लिफायर आणि रेडिओवाल्यांची. यांना स्कोप लवकर लागतो, आणि सप्लायही आउटपुटमध्ये विजेची कुरकुर न मिसळणारा हवा. तिसरी जात दुरुस्तीची: एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर. नागपुरात तर ज्याला स्क्रूड्रायव्हर धरता येतो त्याच्या दारात मार्चअखेर शेजारच्यांचा कूलर येऊन उभा राहतोच. या कामात २३० व्होल्टशी गाठ असते, म्हणून इथे मीटरवर काटकसर करायची नाही. बाकी कशावरही करा.

पायरी २: पहिला मीटर, आणि लगेच दुसरा

पहिला मीटर डीटी-८३० जातीचा. बर्डीत, म्हणजे सीताबर्डीत, दीडशे ते अडीचशे रुपयांत मिळतो. या एकाच साच्यातून अनेक नावांचे मीटर निघतात. बझर असलेला मागून घ्या, कारण तुटलेली वायर शोधताना दर वेळी डोकं वर करून आकडा बघणं जिवावर येतं.

दुकानात काउंटरवरच चार गोष्टी बघा. २०० ओहमच्या रेंजला दोन्ही लीड एकमेकींना टेकवा: ०.३ ते ०.५ च्या आसपास आकडा स्थिर राहिला पाहिजे. लीड मुळाशी वाकवून हलवा. आकडा उड्या मारू लागला तर आतली तार तुटत आली आहे. नवा पेन्सिल सेल मोजा, १.५ ते १.६ दिसायला हवं. रोटरी स्विच सगळ्या रेंजवरून फिरवा, कुठे डिस्प्ले अर्धवट तर होत नाही ना बघा. दुकानदार भला असेल तर दोन-तीन नग काढून देईल. “भाऊ, दुसरा पीस दाखवा ना” म्हणायला लाजू नका.

आता या मीटरच्या थापा.

पहिली थाप बॅटरीची. आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की अनेक स्वस्त मीटर कमी नाही, जास्त आकडा दाखवतात. ५ व्होल्टच्या सप्लायवर ५.६ दिसलं तर सप्लायला शिव्या घालण्याआधी मीटरची बॅटरी बदला.

दुसरी थाप इनपुटच्या रेझिस्टन्सची. या जातीच्या मीटरचा इनपुट साधारण १ मेगाओहम असतो. १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावून ९ व्होल्ट द्या आणि मधला बिंदू मोजा. खरं उत्तर ४.५. हा मीटर ३ दाखवेल, कारण तो स्वतःच खालच्या रेझिस्टरला समांतर बसतो आणि तिथला रेझिस्टन्स अर्धा करतो. दहा मेगाओहमवाला मीटर ४.३ च्या आसपास दाखवतो. हा प्रयोग घरी जरूर करा. मीटर सर्किटला जोडला म्हणजे तो सर्किटचाच एक भाग होतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की डोक्यात बसतं.

तिसरी करंट मोजताना. २०० मिलिॲम्पच्या रेंजमध्ये आत साधारण १ ओहमचा शंट, म्हणजे करंट मोजायचा रेझिस्टर असतो, वर फ्यूज आणि लीडचा रेझिस्टन्स. ईएसपी३२ वायफाय सुरू करताना क्षणभर काहीशे मिलिॲम्प ओढतो. तेवढ्यात व्होल्टेज पडतं आणि बोर्ड पुन्हापुन्हा रीसेट होतो. माणूस प्रोग्राममधली चूक शोधत बसतो, आणि दोषी असतो मधे बसलेला मीटर. अशा वेळी १० ॲम्पचा सॉकेट वापरा. मात्र डीटी-८३० मध्ये त्या सॉकेटला बहुधा फ्यूज नसतो, आणि लाल लीड तिथेच विसरून पुढच्या वेळी बॅटरीचं व्होल्टेज मोजायला गेलात तर ते सरळ शॉर्ट सर्किट आहे. करंट मोजून झाला की लीड व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत, ही सवय हाताला लावा.

चौथी एसीची. ट्रू आरएमएस, म्हणजे कोणत्याही आकाराच्या लाटेचं खरं एसी मूल्य मोजायची सोय नसलेला मीटर साइन वेव्हच गृहीत धरतो. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरचं आउटपुट तो सुमारे ११ टक्के फुगवून दाखवतो.

आणि २३० व्होल्ट? हा मीटर तिथे नेऊ नका. डायलवर ७५० व्होल्ट एसी छापलेलं असलं तरी आतल्या अंतरांचा, काचेच्या छोट्या फ्यूजचा आणि पातळ लीडचा भरवसा नाही. घरच्या वायरिंगला हात घालणार असाल तर ६०० व्होल्ट कॅट-३ चं (इमारतीच्या वायरिंगसाठीच्या सुरक्षेचं) खरं रेटिंग असलेला, नावाजलेल्या कंपनीचा मीटर घ्या. फ्लूक १०१ हा त्यातला लहानसा पर्याय. त्यात करंट मोजायची सोयच नाही, आणि नवशिक्यासाठी ते बरंच आहे, कारण लीड चुकीच्या सॉकेटात राहायचा प्रश्न उरत नाही. मोटवाने आणि ऋषभ या नाशिकच्या कंपन्यांचे मीटरही बघण्यासारखे आहेत. दुरुस्तीच्या वाटेनं जाणाऱ्यांनी पाच हजारांच्या हिशेबात हा खर्च वेगळा धरावा.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा दुसरा मीटर हजार ते दीड हजारांचा: ऑटोरेंज, ट्रू आरएमएस, ६००० किंवा ९९९९ काउंटचा (म्हणजे डिस्प्लेवर तिथपर्यंतचा आकडा दाखवणारा), १० मेगाओहम इनपुटचा. ॲनेंग एएन८००८ आणि त्याची भावंडं या गटातली. मग दोनशेवाला फेकायचा का? मुळीच नाही. दोन मीटर असले की एक व्होल्टेजवर आणि एक करंटवर एकाच वेळी लावता येतो, आणि एकाचा आकडा पटला नाही तर दुसऱ्याला विचारता येतं. पाच हजारांचा एकच मीटर घेण्यापेक्षा सुरुवातीला हे दोन बरे.

पायरी ३: पॉवर सप्लाय घरीच बनवा

नवशिक्यांचे सर्वांत जास्त पार्ट जळतात ते करंट लिमिट नसल्यामुळे. ९ व्होल्टच्या बॅटरीवर काम करत होतात तेव्हा चुकीला माफी होती. जुना अडॅप्टर जोडला की चूक धुरातून दिसते.

यासाठी तयार बेंच सप्लाय लागत नाही. लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात १९ व्होल्टचा जुना अडॅप्टर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. त्यापुढे व्होल्टेज उतरवणारं एक्सएल४०१५ चं मॉड्यूल लावा, पण व्होल्टेज आणि करंट दोन्ही जुळवता येणारं, म्हणजे सीसी-सीव्ही लिहिलेलं. वर व्होल्ट-ॲम्प दाखवणारा छोटा डिस्प्ले. मॉड्यूलवरचे निळे बारके ट्रिमपॉट काढून तितक्याच ओहमचे मोठे पॉट वायरनं बाहेर आणा, नाहीतर दर वेळी स्क्रूड्रायव्हर शोधावा लागतो. बायंडिंग पोस्ट आणि प्लास्टिकचा डबा धरून सगळं हजाराच्या आत.

करंट लिमिट लावायची रीत अशी:

१. आउटपुटला काही न जोडता व्होल्टेज ५ वर आणा.
२. मीटर १० ॲम्पच्या रेंजवर ठेवून दोन्ही लीड थेट आउटपुटवर लावा. मॉड्यूल आता शॉर्ट आहे, पण लिमिट त्याला सांभाळतं.
३. करंटचा पॉट फिरवून मीटरवर ०.१ ॲम्प आणा.
४. मीटर काढा, लीड परत व्होल्टच्या सॉकेटात घाला, मग तुमचं सर्किट जोडा.

नवं सर्किट पहिल्यांदा सुरू करताना १०० मिलिॲम्पपासूनच सुरुवात करा. उलटा बसवलेला आयसी गरम होईल, पण बहुधा वाचेल.

या मॉड्यूलबद्दल एक गोष्ट पाकिटावर लिहिलेली नसते. करंट मोजणारा शंट यातल्या बहुतेक बोर्डांवर निगेटिव्ह बाजूला असतो. म्हणजे इनपुटचा निगेटिव्ह आणि आउटपुटचा निगेटिव्ह एक नाहीत. दोन्ही ग्राउंड आहेत असं समजून बाहेरून जोडलेत तर लिमिट बाद होतं आणि तुम्हाला कळतही नाही. मॉड्यूल ५ ॲम्पचं म्हणून विकतात; नागपूरच्या उन्हाळ्यात बंद डब्यात दोन ॲम्पच्या वर त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

ऑडिओ किंवा रेडिओचं काम असेल तर हा सप्लाय त्रास देतो, कारण स्विचिंगची कुरकुर स्पीकरमध्ये ऐकू येते. तिथे एलएम३१७ चं लिनियर सर्किट बरं: १.२५ ते ३७ व्होल्ट, दीड ॲम्पपर्यंत. पण तो फरकाचं व्होल्टेज उष्णतेत घालवतो. १९ व्होल्टमधून ५ व्होल्ट काढून अर्धा ॲम्प घेतलात तर १४ गुणिले ०.५, म्हणजे ७ वॉट त्या नखाएवढ्या पार्टवर. मोठा हीटसिंक हवाच. त्यापेक्षा कमी व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज वापरून इनपुटच कमी ठेवलेलं चांगलं.

कॉम्प्युटरचा जुना एटीएक्स सप्लाय कबाड्याकडे मातीमोल भावात मिळतो. हिरवी वायर काळीला जोडली की सुरू होतो, लाल ५ व्होल्ट, पिवळी १२ व्होल्ट. फुकटात पडला तरी नवशिक्यासाठी मी त्याच्या बाजूचा नाही. ५ व्होल्टच्या लाइनवर तो २० ॲम्पपर्यंत सहज देतो, आणि तेवढ्यात ब्रेडबोर्ड वितळतो.

दोन पिनी अडॅप्टरच्या आउटपुटला हात लावला की कधीकधी झिणझिण्या येतात. आतल्या फिल्टर कपॅसिटरमुळे येणारा तो अगदी थोडा लीकेज करंट असतो. माणसाला सहसा इजा होत नाही, पण नाजूक आयसीला होऊ शकते, म्हणून सोल्डरिंग करताना सर्किट अडॅप्टरपासून सोडवा.

पायरी ४: सिरीज बोर्ड, फक्त दुरुस्तीवाल्यांसाठी

महाल-इतवारीतल्या कुठल्याही जुन्या टीव्ही मेकॅनिकच्या टेबलावर हा दिसेल: एक होल्डर, एक सॉकेट, फेजच्या वाटेत सिरीजमध्ये बसवलेला ६० किंवा १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब. दुरुस्त केलेली वस्तू आधी यावर लावायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि ६० वॉटचा बल्ब करंट पाव ॲम्पच्या आसपास रोखून धरतो; ना फ्यूज उडतो ना घरातला एमसीबी. एलईडी बल्ब इथे चालत नाही.

याची थाप मोठी आहे: सुरक्षित वाटतो, पण विजेपासून वेगळा करत नाही. शॉक तितकाच बसतो. आणि बाजारातल्या बहुतेक एलईडी बल्बांच्या आतला ड्रायव्हर मेन्सपासून अलग केलेला नसतो, म्हणजे एलईडीची पट्टीसुद्धा जिवंत असते. ज्या खोलीत हे काम करणार तिथे ३० मिलिॲम्पचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग आहे याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्या. भाड्याच्या खोलीत तर नक्कीच. तिथल्या तीन पिनी सॉकेटची तिसरी पिन पुष्कळदा फक्त शोभेची असते.

पायरी ५: कम्पोनंट टेस्टर

सहाशे ते नऊशे रुपयांत याच्याइतकी मजा देणारं दुसरं काही नाही. तीन पिनांत दोन किंवा तीन पायांचा पार्ट खोचा, बटण दाबा. ट्रान्झिस्टर आहे की मॉसफेट, पाय कोणते, गेन किती, कपॅसिटर किती मायक्रोफॅरड आणि त्याचा ईएसआर (आतला रेझिस्टन्स) किती हे सगळं पडद्यावर. जर्मनीतल्या मार्कुस फ्रेजेकनं सुरू केलेल्या आणि कार्ल-हाइंझ क्यूबेलरनं वाढवलेल्या खुल्या डिझाइनवर हे बोर्ड बनतात. आत आर्डुइनो उनोमधला एटीमेगा३२८ जातीचाच चिप असतो.

कबाडातल्या बोर्डांवरचे पार्ट काढून वापरणाऱ्याला हा टेस्टर काही महिन्यांत आपले पैसे परत देतो. फुगलेला कपॅसिटर डोळ्यांना दिसतो, पण न फुगता वाळलेला फक्त ईएसआरवरून पकडता येतो. नव्या १००० मायक्रोफॅरडच्या शेजारी जुना मोजा, फरक लगेच कळेल.

भरलेला कपॅसिटर यात खोचू नका, चिप जागीच मरतो. आधी काही किलोओहमच्या रेझिस्टरमधून तो डिस्चार्ज करून मीटरनं खात्री करा. पार्ट बोर्डवरून सोडवूनच मोजा. काही पिकोफॅरडचे कपॅसिटर आणि काही मायक्रोहेन्रीच्या कॉइल यांचे आकडे भरवशाचे नसतात. आणि सगळी परीक्षा ५ व्होल्टवर होते, म्हणून ४०० व्होल्टचा कपॅसिटर यात ठणठणीत दिसून प्रत्यक्ष व्होल्टेजवर लीक होऊ शकतो.

पायरी ६: लॉजिक ॲनलायझर

आर्डुइनोवाल्यांनो, तुम्हाला स्कोप हवा असं वाटतं तेव्हा निम्म्या वेळा खरं तर हा हवा असतो. आठ चॅनलचा, २४ मेगाहर्ट्झचा यूएसबी नग पाचशे ते नऊशे रुपयांना मिळतो. आत सायप्रसचा एफएक्स२ चिप असतो आणि सिगरॉक प्रकल्पाचं पल्सव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर त्याच्याशी बोलतं.

जोडताना आधी ग्राउंड, मग चॅनल. ५ व्होल्टच्या वर काही लावू नका. सिग्नलच्या किमान चारपट वेगानं नमुने घ्या, दहापट जमलं तर उत्तम. ९६०० बॉडच्या सीरियलमध्ये एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा, तिथे १ मेगाहर्ट्झही भरपूर होतो. आयटूसी, म्हणजे सेन्सर आणि बोर्ड दोन तारांवर बोलतात ती पद्धत; तिचा सॉफ्टवेअरमधला डिकोडर लावला की कोणत्या पत्त्यावर कोणता बाइट गेला आणि सेन्सरनं उत्तर दिलं की नाही हे अक्षरांत वाचायला मिळतं. स्कोपवर हेच शिखरं मोजत काढावं लागतं.

थाप इथेही आहे: याला फक्त शून्य आणि एक दिसतं. पुलअप (लाइन वर खेचून धरणारा) रेझिस्टर विसरल्यामुळे लंगडत चढणारा सिग्नल इथे स्वच्छ चौकोनी दिसतो. आकडे बरोबर, तरी सर्किट मधूनच चुकतं, अशी लक्षणं दिसू लागली की स्कोपची वेळ आली असं समजा.

पायरी ७: स्कोप, पायऱ्यापायऱ्यांनी

सर्वांत स्वस्त स्कोप दीडशे रुपयांचा यूएसबी साउंड कार्ड आहे. लॅपटॉपचा मूळ माइक सॉकेट धोक्यात घालू नका. १०० किलोओहम आणि १० किलोओहमचा डिव्हायडर, आणि साउंड कार्डच्या इनपुटवर उलटसुलट जोडलेले दोन १एन४१४८ डायोड, म्हणजे आत ०.६-०.७ व्होल्टपेक्षा जास्त जाणार नाही. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ एवढंच दिसतं, डीसी दिसत नाही, आणि कमी फ्रीक्वेन्सीचा स्क्वेअर वेव्ह उतरंडीसारखा वाकडा दिसतो. ऑडिओ शिकायला पुरे.

पुढे डीएसओ१३८ जातीचा, स्वतः सोल्डर करायचा छोट्या स्कोपचा किट. सेकंदाला दहा लाख नमुने, बँडविड्थ (जिथपर्यंतची फ्रीक्वेन्सी नीट दिसते ती मर्यादा) २०० किलोहर्ट्झ. आर्डुइनोचा पीडब्ल्यूएम (झटपट चालू-बंद होणारा सिग्नल) ४९० किंवा ९८० हर्ट्झचा असतो, तो छान दिसतो. मोबाइल चार्जरमधलं स्विचिंग बहुधा ६५ किलोहर्ट्झच्या आसपासचं. ते दिसेल, पण कडा गोल झालेल्या असतील, आणि त्या गोलाईवरून निष्कर्ष काढलात तर फसाल. सोल्डरिंगचा सराव म्हणून किट घ्यायला हरकत नाही, मात्र आयुष्यभराचा स्कोप म्हणून नको.

विद्यार्थी असाल तर एक्सपआइज-१७ कडे आवर्जून बघा. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरच्या फिनिक्स प्रकल्पातून आलेली ही पेटी भारतातल्या कॉलेजांसाठीच बनवलेली आहे. चार इनपुट, त्यातले दोन ±१६ व्होल्टपर्यंत, शिवाय वेव्ह जनरेटर आणि मोफत सॉफ्टवेअर. वेग डीएसओ१३८ इतकाच, पण एकाच पेटीत प्रयोगशाळा मिळते.

थोडे जास्त पैसे असतील तर हँटेक ६०२२बीई: दोन चॅनल, २० मेगाहर्ट्झ, सेकंदाला ४ कोटी ८० लाख नमुने. कंपनीच्या सॉफ्टवेअरपेक्षा ओपनहँटेक हे मोफत सॉफ्टवेअर वापरा.

माझी खरी शिफारस मात्र वेगळी आहे: जुना ॲनालॉग सीआरओ, म्हणजे पिक्चर ट्यूबवाला स्कोप. इंदूरच्या सायनटेकचे, ठाण्याच्या ॲपलॅबचे २० मेगाहर्ट्झचे दोन चॅनलवाले सीआरओ वर्षानुवर्षं आपल्याकडच्या लॅबमध्ये राबले आहेत, आणि कॉलेजं डिजिटल घेऊ लागल्यावर ते बाहेर पडत आहेत. काही हजारांत खराखुरा २० मेगाहर्ट्झ मिळतो, ज्याचा राइज टाइम, म्हणजे सिग्नलची कड चढायला लागणारा वेळ, १७.५ नॅनोसेकंदांचा असतो. नाही जमत ते एवढंच: एकदाच घडणारी घटना पकडून ठेवणं.

असा सीआरओ घ्यायला जाताना प्रोब आपला न्या, आणि घाई करू नका.

सुरू करून पंधरा-वीस मिनिटं तापू द्या. या वेळात रेघ हळूहळू सरकत राहिली आणि मग थांबली तर ठीक. सरकतच राहिली तर सोडा. ब्राइटनेस कमी ठेवून रेघ बारीक होते का बघा. बंद पडद्यावर तिरक्या उजेडात बघितलं की जळालेला पट्टा दिसतो. पुढच्या पॅनलवरच्या कॅल टोकाला प्रोब लावा. तिथे बहुधा १ किलोहर्ट्झचा स्क्वेअर वेव्ह असतो आणि शेजारी त्याचं व्होल्टेज छापलेलं असतं. टाइमबेस (एका चौकटीला किती वेळ ते ठरवणारा नॉब) १ मिलिसेकंदावर ठेवला की एका चौकटीत एक आवर्तन बसलं पाहिजे. प्रत्येक व्होल्ट-नॉब एकेक घर फिरवा, दोन्ही चॅनलवर. नॉब फिरवताना रेघ खरखरत असेल तर काँटॅक्ट क्लीनरनं बहुधा सुटते, तेवढ्यावरून भाव पाडून घ्या. ट्रिगर धरत नसेल, म्हणजे लाट पडद्यावर स्थिर उभी राहत नसेल, तर मात्र घेऊ नका. शेवटी प्रोबच्या टोकाला बोट लावा. हवेतल्या मेन्समुळे २० मिलिसेकंदांचं लाटेचं आवर्तन दिसलं की इनपुट जिवंत आहे. आत पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट असतात. झाकण उघडायचं नाही, बंद केल्यावरही नाही.

प्रोबवरचा स्विच १०एक्सवर (सिग्नल दहापट कमी करून देणारा) ठेवायची सवय लावा. १एक्सवर चांगल्या प्रोबचीही बँडविड्थ ६ मेगाहर्ट्झच्या आसपास येऊन पडते. कॅल सिग्नलचे कोपरे सरळ होईपर्यंत प्रोबवरचा छोटा स्क्रू फिरवा. हे करायचं राहून गेलं तर चांगला स्कोपही वाकडं चित्र दाखवतो.

आता स्कोपवाल्यानं सर्वांत आधी शिकायची गोष्ट. प्रोबची ग्राउंड क्लिप घरच्या अर्थिंगला जोडलेली असते. चार्जरच्या मेन्सच्या बाजूला ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतो. तिथे ती क्लिप लावलीत की स्फोट. यावर उपाय म्हणून स्कोपची अर्थ पिन काढून टाकायचा सल्ला देणारे महाभाग आहेत. तसं केलं की स्कोपचा धातूचा सांगाडाच जिवंत होतो. नवशिक्यानं मेन्सच्या बाजूला स्कोप नेऊच नये.

पायरी ८: कुठून घ्यावं

सुट्या पार्टसाठी सीताबर्डी. मोदी नंबरच्या गल्ल्यांत आणि आसपास इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं विचारत फिरा. गाडी आणू नका. पार्किंग शोधण्यात जो जीव जातो त्यापेक्षा हिंगण्याच्या बाजूनं येणाऱ्यांनी लोकमान्य नगरला, खापरीकडच्यांनी तिकडे मेट्रो धरावी, दोन्ही मार्ग बर्डीच्या इंटरचेंजवर मिळतात. सकाळी दुकान उघडतानाची किंवा रात्री बंद व्हायची वेळ टाळा. यादी पार्टच्या नंबरासह कागदावर लिहून न्या. “रेझिस्टर द्या” म्हटलं तर दुकानदार तुम्हाला गिऱ्हाईक समजत नाही. “१० के, पाव वॉट, एक टक्का, पन्नास नग” म्हटलं की लगेच डबा उघडतो. दोन-चारदा गेलात की काउंटरमागच्या माणसाकडून जे कळतं ते कुठल्याही साइटवर मिळत नाही: कोणत्या मालाच्या तक्रारी परत आल्या, कोणता मीटर मेकॅनिक लोक स्वतः नेतात.

टेस्टर, मॉड्यूल, लॉजिक ॲनलायझर यांसाठी ऑनलाइन भाव सहसा बरा पडतो. पुण्याच्या रोबूसारखी दुकानं आहेत, मोठ्या साइटी आहेत. अलीएक्स्प्रेस नोव्हेंबर २०२० मध्ये भारतात बंद झाली, त्यामुळे जुन्या व्हिडिओंतले डॉलरमधले भाव आता कामाचे नाहीत. मीटर आणि स्कोपवर १८ टक्के जीएसटी लागतो; बिल घ्याच, वॉरंटी त्यावरच चालते. पार्सल उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी सगळं तपासा. परतीची मुदत पेटीत पडून राहिलेल्या मालासाठी थांबत नाही.

जुन्या मालाचं खरं भांडार कॉलेजांत आहे. सदरचं शासकीय तंत्रनिकेतन, आयटीआय, व्हीएनआयटी आणि शहराभोवतीची इतकी इंजिनिअरिंग कॉलेजं. सगळीकडच्या लॅब कधी ना कधी जुनं सामान काढतात. सरकारी संस्थेत निर्लेखन होऊन, म्हणजे वस्तू नोंदवहीतून कमी करून, लिलाव होतो आणि तो बहुधा घाऊक असतो, म्हणून एक सीआरओ थेट तिथून मिळणं अवघड. लिलाव घेणारा कबाडी गाठा. तो किलोच्या हिशेबात बोलतो, पण तुम्ही वस्तू ओळखता हे दिसलं की भाव वाढवतो, तेव्हा चेहरा कोरा ठेवा. खासगी लॅबमधल्या असिस्टंटशी ओळख असेल तर आणखी बरं.

मुंबईला कामानं जाणं होणारच असेल तर विदर्भ एक्स्प्रेसनं उतरून ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड एकदा पाहा. केवळ खरेदीसाठी जाऊ नका, तिकिटाच्या पैशांत कम्पोनंट टेस्टर येतो.

पायरी ९: आपल्या मीटरची परीक्षा आपणच घ्या

प्रयोगशाळेत कॅलिब्रेशन करून घेण्याचा खर्च या मीटरच्या किमतीपेक्षा जास्त होतो. त्याऐवजी काही रुपयांचा टीएल४३१ घ्या, हा ठरलेलं व्होल्टेज देणारा तीन पायांचा रेफरन्स पार्ट. त्याचा रेफरन्स पाय कॅथोडला जोडा, अॅनोड निगेटिव्हला, आणि ९ व्होल्टमधून १ किलोओहमच्या रेझिस्टरनं कॅथोडला पुरवठा द्या. त्याच्यावर २.४९५ व्होल्ट उभे राहतात. बी ग्रेडचा मिळाला तर अर्ध्या टक्क्याच्या आत, ए ग्रेडचा एक टक्क्याच्या. दोन्ही मीटर एकाच वेळी तिथे लावा आणि आकडे मीटरच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहून ठेवा, तारखेसकट. एडी५८४ चं तयार मॉड्यूल घेतलं तर २.५, ५, ७.५ आणि १० अशी चार व्होल्टेज मिळतात. ओहमसाठी एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर पुरतात: १००, १ के, १० के, १०० के असा एकेक कार्डावर सोल्डर करून ठेवा. वर्षातून एकदा हे सगळं पुन्हा मोजायचं, आणि ज्याच्याकडे चांगला मीटर आहे अशा मित्राकडे आपला नेऊन शेजारी लावून बघायचा.

उन्हाळ्याआधी

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा गाडीच्या डिकीत मीटर ठेवू नका. डिस्प्ले काळा पडतो. बहुतेक वेळा थंड झाल्यावर परत येतो, नेहमी येईलच असं नाही. कूलरच्या झोतात टेबल मांडू नका, ओल सॉकेटांत आणि रोटरी स्विचमध्ये शिरते. महिनाभर वापर नसेल तर मीटरमधली बॅटरी काढून वेगळी ठेवा. गळलेली बॅटरी स्प्रिंग आणि बोर्ड दोन्ही खाते. सीआरओ असेल तर त्यावर सुती कापड टाका, पण सुरू करताना ते काढायला विसरू नका. झाकलेल्या जाळ्यांतून गरम हवा बाहेर पडत नाही.